वस्तु आपली केव्हां होते?

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या स्वीडनहून घरीं आला होता. थोडक्या साधनांनिशीं रानांत राहण्याची जी विद्या, जिला तिकडे बुशक्राफ्ट म्हणतात, ती त्याचा सुटीचा छंद. आणि त्या विद्येंत सुरी हें पहिलें साधन. त्याची सुरी मोरा या गांवच्या परिसरांत घडलेली. तेथें ओस्तनॉर या वस्तींत १८९१ सालीं फ्रोस्ट-एरिक एरसन यानें लांकडें वाहण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि कारखान्याच्याच उपयोगासाठीं प्रथम सुऱ्या केल्या. पुतण्यानें आपल्या सुरीची मूळची मूठ काढून भूर्जाच्या लांकडाची मूठ स्वतः कोरून बसविली होती व तिच्यावर आपलें नांव डागलें होतें. ती माझ्या हातीं देत तो म्हणाला, "काका, विकत घेतली तेव्हां ही दुकानाची होती. आतां माझी झाली."

वाक्य सहज उच्चारलेलें, पण तें माझ्या मनांतून जाईना. किंमत मोजतांच वस्तु आपली होते, असें कायदा सांगतो. मग मूठ बदलल्यानें अधिक तें काय झालें? याचें एक उत्तर आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों आहों. जॉन लॉक यानें १६८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या राज्यशासनावरील ग्रंथांत असें प्रतिपादन केलें, कीं मनुष्य निसर्गांतील वस्तूंत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. पुतण्यानें मुठींत श्रम मिसळले. सुरी त्याची झाली. प्रश्न सुटला असें वाटलें.

पण पुढच्या दोन संध्याकाळीं त्यानें मला धार लावावयास शिकविलें आणि सुटलेला प्रश्न पुन्हां उभा राहिला. या सुरीच्या पात्याला मध्यापासून धारेपर्यंत दोन्ही अंगांनीं एकच सपाट उतार असतो. तो उतार ओल्या निसण्यावर पूर्ण टेकवावयाचा, आणि कोन न ढळूं देतां घासावयाचें. पलीकडच्या अंगास मुळापासून टोंकापर्यंत सूक्ष्म कंगोरा बोटाला जाणवूं लागला, कीं पातें उलटावयाचें. शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून तो कंगोरा घालवावयाचा. मग तीच सुरी सुक्या फाटीवरून पिसांसारख्या कुरळ्या ढलप्या काढते, ज्या पहिल्याच ठिणगीला पेट घेतात. बोथट सुरी निरुपद्रवी असते, हा माझा समज तेथेंच गेला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोरानें तें निसटतें, आणि लांकडाऐवजीं हात कापतें.

त्या दोन संध्याकाळांत मला एक भेद दिसला. नांव एकदां घातलें कीं कायमचें राहतें. धार मात्र एकदांच लावून भागत नाहीं. ती वापरानें जाते, हयगयीनें गंजते, आणि पुन्हां आणावयाची तर प्रत्येक वेळीं थोडें पोलाद झिजवावें लागतें. नांव हा वस्तूवरील हक्क. धार हें वस्तूचें देणें. पहिल्यावरून मालक ओळखावा, हें ठीकच. पण दुसरें फेडतो कोण?

येथें मला माझ्या दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहावें लागलें. तेथें कोंकणांतील आमच्या घरचा कोयता टांगलेला होता. माझ्या वडिलांच्या नांवाचीं आद्याक्षरें त्याच्या पात्यावर ठोकलेलीं आहेत. खंडेनवमीला त्याची पूजा वडील करीत; पण आदल्या दिवशीं त्याला धार लावून, तेल पुसून तो पाटावर ठेवी तो आमचा गडी. वर्षभर तो कोयता कमरेच्या आकडींत अडकवून तोच रानांत जाई. मूठ फुटली तेव्हां नवी त्यानेंच तासून बसविली. तिच्यावरील खोलगट खूण त्याच्या पंजाची आहे. वडील वारल्यावर त्यानें तो मुकाट्यानें माझ्यापुढें आणून ठेवला. मीं तो पुण्यास आणला, वडिलांची आठवण म्हणून भिंतीवर लावला, आणि तो गंजला. गडीही पुढें वारला.

लॉकच्या त्याच विवेचनांत एक वाक्य असें आहे, कीं माझ्या नोकरानें कापलेली गवताची ढेंपें माझीच मिळकत होत. इतकीं वर्षें मीं तें वाक्य वाचलें आणि पुढें गेलों. आतां तें मला अडलें. श्रम मिसळल्यानें वस्तु श्रमणाऱ्याची होते, तर नोकराचे श्रम धन्याच्या खातीं कसे जमा होतात? कोणी म्हणेल, गड्याला मजुरी दिली होती. दिली होती, आणि तिनें तोडलेलें लांकूड आमचें झालें, हेंही मान्य. पण कोयत्याची निगा राखण्याची मजुरी कोणी ठरविली नव्हती. ती त्यानें आपण होऊन राखली. जसें मनुष्य आपल्या वस्तूचें राखतो तसें.

कायद्यानें कोयता माझाच होता, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु कायदा वस्तु कोणाची एवढेंच ठरवितो. आपण त्या वस्तूचे आहों कीं नाहीं, हें तो ठरवूं शकत नाहीं. ज्याला तिचें कांहीं देणें लागत नाहीं, त्याच्यापाशीं ती ठेवलेली असते, इतकेंच.

मे महिन्यांत मीं तो कोयता गांवीं नेला. गंज काढून, माझ्या नवशिक्या हातानें धार लावून, गड्याच्या मुलाच्या हातीं दिला. माझ्या मनांत चार शब्द बोलावयाचे होते. त्यानें पात्यावर अंगठा आडवा फिरविला, मूठ पंजांत धरली, आणि मला म्हणाला, "धार बरी नाय, भाऊ. मी लावून घेतंय." मग मीं कांहींच बोललों नाहीं.