झिऱ्यातलं पातेलं

तंबू आवरायचं थांबवा. सगळे इकडे या, पाण्याच्या कडेला. मोबाइल खिशात ठेवा. मला जे सांगायचंय ते मी एकदाच सांगणार आहे, आणि ते ऐकायला गोड लागणार नाही.

हा खड्डा बघा. हातभर रुंद, ढोपरभर खोल, भोवती दगड नीट रचलेले. पाण्यावर तेलाचा तवंग आहे. दगडाला साबणाचा फेस चिकटून वाळलाय. तळाशी भाताची शितं पडलीत. काल जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या तिघांनी रश्श्याचं पातेलं यात बुडवून घासलं. सकाळी विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, पाणी आयतंच साचलेलं होतं." ते आयतं साचलेलं नाही. हा झिरा आहे. रतनवाडीतल्या बायकांनी तो हातांनी उकरलाय. भंडारदऱ्याच्या या धरणाचं पाणी गढूळ, त्यात गुरं उतरतात, म्हणून काठापासून थोडं मागे मुरमात खड्डा घ्यायचा. पाणी मुरमातून गाळून थेंबाथेंबानं वर येतं. ते वाटीनं हंड्यात भरायचं, खड्डा तळाला गेला की पुन्हा भरेपर्यंत शेजारी बसून राहायचं. आज पहाटे एक मावशी आल्या. वाकल्या, पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि रिकामा हंडा कमरेवर घेऊन परत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी येऊन तुम्हाला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

माझं बोलणं संपलं की पहिलं काम हेच. झिरा तळापर्यंत उपसायचा, पाणी लांब टाकायचं, आत उतरू नका, कडा ढासळेल. दगड साध्या पाण्यानं धुवायचे. नवं पाणी वास न येता नितळ उतरेपर्यंत उपसत राहायचं. आणि ते तिघं मावशींच्या घरी जातील, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगतील, माफी मागतील आणि घरातली सगळी भांडी भरून देतील. वाडीच्या विहिरीत पाणी नाही, तेव्हा ते कुठून आणायचं हेही त्यांनाच विचारावं लागेल. विचारा.

तुम्ही भूगोल शिकलेली पोरं आहात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं हे तुम्ही परीक्षेत लिहिलंय. प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतांना जातं, तिथं ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, हेही लिहिलंय. आणि त्याच पाण्याच्या काठावरच्या आदिवासी वाड्यांना मे महिन्यात झिरे उकरावे लागतात, हे काल डोळ्यांसमोर होतं तेव्हा तुम्हाला दिसलं नाही. मार्क मिळवण्यापुरतं शिकलेलं असं पातेलं घासताना उपयोगी पडत नाही, याचा मला राग आहे.

ही जागा तुम्ही मागितली होतीत. रिसॉर्टवाल्यांचे रांगेत ठोकलेले तंबू नकोत, जनरेटर नको, दिव्यांच्या माळा नकोत, संडास-बाथरूम नसलं तरी चालेल, नुसतं रान आणि पाणी हवं, असं तुम्ही म्हणालात. मला मनापासून आनंद झाला होता. तरण्या मुलांनी असं मागावं, असंच मला वाटतं. पण जिथं नळ नाही तिथं पाण्याचा विचार तुम्ही करायचा. जिथं झाडूवाला नाही तिथं झाडू तुमच्या हातात. जिथं संडास नाही तिथं तो तुम्ही खणायचा. राखणदार नाही, म्हणून रात्री एकानं जागायचं. सोय नसलेल्या जागी मुक्काम म्हणजे ही सगळी कामं आपल्या अंगावर घेणं. तुम्ही सोयी सोडल्यात आणि कामंही सोडलीत.

हे खुरपं. परवा निघताना मी स्वतः तुमच्या सामानात ठेवलं. त्याच्यावरचा दुकानाचा कागद अजून तसाच आहे. त्या करवंदीच्या जाळीमागे काय पडलंय ते मी बघून आलोय, आणि ते तुम्हीच उचलणार आहात. पाण्यापासून वीस पावलांवर, उतारावर, उघड्यावर, वर वेट वाइप टाकून. ते वाइप कापसाचे वाटले तरी बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, मातीत ते कुजत नाहीत. मी काय सांगितलं होतं? पाण्यापासून, ओहोळापासून, पायवाटेपासून निदान ऐंशी पावलं दूर. वीतभर खोल खड्डा. वर माती, मातीवर दगड. वाइप, पॅड, प्लास्टिक, सगळं पिशवीत बांधून परत शहरात. आता वळवाचा पहिला पाऊस आला की हे सगळं धुऊन धरणात जाणार. प्रवरा रतनगडावर उगम पावते, समोर ज्या डोंगराला नेढं दिसतंय तो. इथून ती अकोल्यावरून, संगमनेरवरून जाते, नेवाशाला जाते. त्याच नेवाशात, याच नदीच्या काठी, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ठिकठिकाणची माणसं हे पाणी पितात. पहिली घाण त्यात आपण कालवायची नाही, एवढी साधी मर्यादा आहे.

आता चुलीकडे या. राखेवर तळहात ठेवू नका, हाताची मागची बाजू जवळ न्या. लागली ना ऊब? रात्रभर असंच धुमसत होतं आणि तुम्ही झोपी गेलात. आग विझवायची म्हणजे तिच्यावर पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, हाताला थंड लागेपर्यंत. मुळात आग पेटवायची नाही असं ठरलं होतं. गॅसची शेगडी दिली होती, तिच्यावर जेवण झालंही. मग दहानंतर ही चूल कशासाठी? फोटोसाठी. हे शेत वाडीतल्या बाबांचं आहे, त्यांनी मुक्कामाला परवानगी दिली, पण बांधापलीकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुरू होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३० वं कलम अभयारण्यात, त्याला धोका होईल अशा रीतीनं, आग पेटवायला किंवा पेटती सोडायला मनाई करतं. मे महिन्यात या पाचोळ्यावर कुठल्याही ठिणगीनं धोका होतो. काल अकरा वाजता वारा सुटला होता, आठवतंय? तंबूंची कापडं फडफडत होती. ठिणग्या त्या गवताकडे जात होत्या.

२०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर वणव्यात ट्रेकर सापडले होते. वीसहून जास्त माणसं गेली, त्यात तुमच्या वयाची होती. वाळलेलं गवत, चढ आणि वारा एवढंच लागतं. आग चढावर धावते, कारण खालची ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवते. माणूस चढावर तिच्याइतका धावू शकत नाही.

आणि ही फांदी कोणी तोडली? साल खरवडून बघा, आत हिरवीगार आहे. हा हिरडा आहे. इथल्या महादेव कोळी घरांत उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात. रोख पैसा हाती येण्याचे मार्ग इथं मोजकेच आहेत, त्यातला हा एक. तुम्ही लाकूड म्हणून तोडलंत ते एका घराचं उत्पन्न होतं. आणि ओली फांदी धड जळलीही नाही. नुसता धूर केलात. वरच्या कड्याला आग्या मोहोळ असतं. धूर लागून माशा उठल्या की पळायला जागा उरत नाही, तंबूत शिरलं तरी सोडत नाहीत.

काजवे बघायचे होते तुम्हाला, म्हणून आपण मेच्या शेवटी आलो. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हे एवढेच दिवस त्यांचे. प्रौढ काजवा जगतो फार तर दोन-तीन आठवडे, आणि तो उजेड त्याचं जोडीदार शोधणं असतं. नर उडता उडता ठरावीक तालात चमकतो, मादी गवतावर नाहीतर पानावर बसून त्याला उत्तर देते. तिचं उत्तर मंद असतं. तुम्ही कपाळावरचे दिवे पूर्ण उजेडात लावून झाडाखाली फिरत होतात, एकानं तर गाडीचे हेडलाइट झाडावर मारले. त्या उजेडात नराला मादी दिसत नाही, आणि उरलेल्या रात्री फार नसतात. एकीनं पाण्याच्या बाटलीत काजवे भरले होते. मी बाटली उघडली तेव्हा त्यातले काही हलत नव्हते. तिचं रडून झालंय, म्हणून तिला मी आणखी काही बोलत नाही, पण तुम्ही बाकीचे तिच्याभोवती उभं राहून फोटो काढत होतात, तुमचं काय? काजव्यांच्या अळ्या महिनोन्‌महिने याच ओलसर मातीत, पाचोळ्यात राहतात, गोगलगायी खातात. तोच पाचोळा गोळा करून तुम्ही चूल पेटवलीत. पुढच्या वर्षीचे काजवे त्यात होते.

रात्री वाजत होता तो स्पीकर कोणाचा ते मला माहीत आहे. तो माझ्याकडे आहे आणि घरी गेल्यावर वडिलांच्या हाती देईन.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. रात्री साडेबाराला दोघं पाण्यात उतरले. "पोहता येतं, सर." तुम्हाला टाइल्स लावलेल्या तलावात पोहता येतं, जिथं तळ दिसतो आणि कडेला दांडी असते. इथं पाणी उतरलंय, काठाला गाळ आहे. गाळात पाय रुतला की माणूस हिसका देतो, हिसक्यानं दुसरा पाय आणखी खोल जातो. त्याच्यापुढे जमीन सपाट नाही. खाली बुडालेली शेतं आहेत, ताली आहेत, जुन्या झाडांची खोडं आहेत, जुना नदीचा काठ आहे, जिथं एका पावलात गळ्याएवढं पाणी डोक्यावर जातं. अंधारात किनारा कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा कळत नाही. काठावर दोरी होती का? कोणी पाहत उभं होतं का? दरवर्षी पवना, मुळशी, भंडारदरा, सगळ्या धरणांतून अशी पोरं बाहेर काढली जातात, आणि बऱ्याचदा ती काढतात जवळच्या गावातले लोक, आपला जीव धोक्यात घालून. मग मला तुमच्या आईला फोन करावा लागला असता. मी काय बोललो असतो? सांगा मला. मी रात्रभर झोपलो नाही, ते या एका प्रश्नामुळे.

बाकीचं थोडक्यात. तो निळा तंबू ओहोळाच्या पात्रात लावलाय. कोरडा आहे म्हणून सपाट वाटला. वर घाटघरच्या बाजूला वळीव कोसळला तर इथं आभाळ निरभ्र असताना लोंढा येईल. दुसरा तंबू वठलेल्या सादड्याखाली आहे. वाऱ्यानं वाळकी फांदी खाली आली तर तंबूचं कापड ती अडवणार नाही. चौघं बाहेर चटईवर झोपले, आणि मण्यार रात्रीच फिरते, बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश अनेकदा दुखतही नाही. बूट सगळ्यांचे बाहेर उघडे होते, त्यांत विंचू शिरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला म्हणून कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण ती गोळी रुग्णालयात मिळते, रतनवाडीच्या अंधारात मिळत नाही. जवळचं रुग्णालय कुठं, असं मी पहाटे तुम्हाला विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. राजूरकडे जायचं की अकोल्याला, गाडी कोण चालवणार, फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते, यातलं एकही उत्तर तुमच्याकडे नव्हतं. घरी तुम्ही "भंडारदऱ्याला जातो" एवढंच सांगितलंत. हा जलाशय केवढा मोठा आहे, त्याच्या काठावर कुठं शोधायचं तुम्हाला?

अशा जागा मिटत चालल्यात, आणि त्या कोणी उगाच मिटवत नाही. वासोटा किल्ल्यावर आता रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीत बसून बामणोलीला परतावं लागतं. उत्तराखंडात २०१८ साली उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, त्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. आमच्या पिढीनं बेदनी बुग्याळावर तंबूबाहेर पडून चांदणं पाहिलंय. तुम्हाला ते मिळणार नाही, कारण तुमच्या आधी गेलेल्यांनी तिथं प्लास्टिक आणि विष्ठा ठेवली. बाबांनी आज सकाळी मला काय सांगितलं ते ऐका. ते म्हणाले, पुढल्या साली नका आणू पोरं. पंधरा वर्षांची ओळख आहे आमची. त्यांचं बरोबर आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

पुढच्या शिबिराच्या यादीत आज कोणाचंही नाव नाही. ज्याला यायचं असेल त्यानं एक कागद लिहून माझ्याकडे आणायचा. आपण जिथं राहणार ती जमीन कोणाची, तिथलं गाव पाणी कुठून भरतं, गुरं आणि जनावरं पाण्यावर कुठल्या वाटेनं उतरतात, सरपण कोणाच्या हक्काचं, दवाखाना किती लांब, आपला मैला आणि कचरा कुठं जाणार. इंटरनेटवरून उतरवलेलं चालणार नाही, आधी एकदा तिथं जाऊन माणसांना विचारून या. तो कागद मी स्वतः वाचेन. तो नीट लिहिलेला नसेल, तर मी तुम्हाला कुठल्याही पाण्याच्या काठी नेणार नाही.