क्रोधाचा वेग आणि मनुष्यवध

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध व लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगितली आहेत. मनुष्यवध म्हटला की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे दरोडेखोर, म्हणजे लोभच, उभा राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे मात्र निराळे सांगतात. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, दिवसाला सुमारे ७८. त्यांपैकी ९,९६२ भांडणतंट्यांतून व ३,७६१ वैयक्तिक वैरातून घडले; द्रव्यलोभाने घडलेले १,८८४. मधले द्वारच अधिक रुंद ठरले!

आणि भांडणे तरी कशाची? शेताचा बांध, वडिलार्जित घराची वाटणी, पाण्याची पाळी, उसने पैसे. अशा तंट्यात मारणारा व मरणारा एकमेकांना परके नसतात. पुष्कळदा एकाच पंक्तीला जेवलेले असतात. क्रोधापासून संमोह व संमोहापासून स्मृतिभ्रंश, असा क्रम भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात दिला आहे. ही स्मृती कोणती? ‘हा माझा भाऊ आहे’ एवढीच. कुऱ्हाड उचलली जाते ती एवढे विसरल्यावर.

कलियुग म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण १९९२ साली खुनांची संख्या ४०,०००हून अधिक होती; पुढे लोकसंख्या वाढली, तरी ती उतरली. पाचव्या अध्यायात देह पडण्यापूर्वी येथेच कामक्रोधांचा वेग सहन करणाऱ्यास योगी म्हटले आहे. क्रोध उद्भवूच नये अशी अट तेथे नाही. ‘वेग’ हा शब्द भगवंतांनी योजला आहे, आणि वेग ओसरतो. बांधावरून त्या घटकेस घरी परतावे, तंटा दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांपुढे वा न्यायालयात न्यावा, एवढे तर गृहस्थास साध्य आहे.

त्या वर्षी मारल्या गेलेल्यांत सुमारे ७० टक्के पुरुष होते. यावरून घरातील स्त्री निर्भय आहे असे समजू नये. हुंडाबळींची गणना निराळी होते, आणि त्याच वर्षी ती ६,०००हून अधिक भरली. तेथे लोभ व क्रोध एकाच चुलीपाशी बसलेले असतात. छळ सोसून माहेरी आलेल्या लेकीस ‘सहन कर’ म्हणून परत धाडणारे आईबापही धर्माचेच नाव घेतात. गीतेने सहन करण्यास सांगितले आहे ते ज्याच्या अंतरात क्रोध उसळतो त्याला. ज्याच्यावर तो कोसळतो त्याला नव्हे.