रक्त आमचं, कागद त्यांचा

सुई टोचताना कुणाला आमचा विटाळ झाला नाही. शहरातल्या झोपडपट्टीत, खेड्यातल्या बौद्धवाड्यात, गोंडांच्या टोल्यावर गाड्या आल्या, पोराबाळांच्या बोटांतून थेंब घेतले, नावं लिहिली आणि निघून गेल्या. त्या थेंबांतून जे निघालं ते इंग्रजीत छापून आलं. ज्याच्या बोटातून थेंब निघाला त्याच्या वाट्याला एकच वाक्य : 'तुमच्या समाजात सिकल असतो.'

मला या वाक्याबद्दल बोलायचंय. नवं संशोधन लोकांना सांगणं हा शास्त्रज्ञाचा उपकार, की त्याच्याकडे थकलेलं लोकांचं देणं? आमच्यातलेच चार बुकं शिकलेले म्हणतात, सांगतात तेवढं ऐका, उपकारच समजा. उपकार म्हटला की वरून ओंजळीत ओतलेलं पाणी आलं. किती ओतायचं ते ओतणारा ठरवणार.

आधी सिकल म्हणजे काय ते सांगतो. सिकल म्हणजे विळा. रक्तातली तांबडी पेशी बत्ताशासारखी गोल नि लवचिक असते. या आजारात ती ऑक्सिजन सोडला की ताठ होते, विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकून बसते. मग हाडं ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही, पोर सारखं आजारी. गावात म्हणतात करणी केली. करणी नाही नि पाप नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 मणी असतात, त्यांतला सहावा मणी बदललेला असतो. बास, एवढंच.

आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. एकच बिघडलेली असेल तर तो वाहक, आणि वाहक बहुतेक धडधाकटच असतो. उलट लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून त्याचा बराच बचाव होतो. 1954 साली अँथनी अ‍ॅलिसननं पूर्व आफ्रिकेतल्या तपासण्यांवरून हे दाखवलं. जिथं हिवताप माजला तिथं हा मणी टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, ग्रीसमध्ये टिकला, आणि विदर्भापासून छत्तीसगड-ओडिशापर्यंतच्या पट्ट्यातही टिकला. म्हणजे आमच्या बापजाद्यांना डासांनी फोडून काढलं, त्यातून जे वाचले त्यांची ही खूण. 'तुमच्या समाजात असतो' आणि 'तुमचे पूर्वज हिवतापातून यामुळं वाचले' ही दोन्ही वाक्यं एकाच थेंबातून निघतात. आम्हाला पहिलंच का मिळालं?

बरं, मुलूख तोच, डास तेच. मग शेजारच्या जातीत कमी का? सिकल त्यांच्यातही सापडतो, पण सारखा नाही, कारण रक्त जातीची भिंत ओलांडून गेलं नाही. आणि हीच गोष्ट वस्तीत कुणी बोलत नाही. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला, आणि जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे मांडलं. हातात ना सूक्ष्मदर्शक, ना जनुकाचा नकाशा. 2013 साली हैदराबादच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 73 समूहांची जनुकं पाहून लिहिलं की साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत मिसळत होते, आणि नंतर दार बंद झालं. 2016 साली बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधकांनी काही जातींपुरतं ते दार सुमारे 70 पिढ्यांमागे, गुप्त राजांच्या काळाच्या आसपास लागल्याचा हिशेब मांडला. म्हणजे जात अनादि नाही. तिला सुरुवात आहे, हे रक्तच सांगतंय. ही बातमी वस्तीच्या चौकात फलकावर लागायला हवी होती. पण तपासणीवाला सांगतो, 'वाहकानं वाहकाशी लग्न करताना विचार करा.' 'मग जातीबाहेर बघा' हे त्याच्या तोंडून येत नाही. त्याचं विज्ञान जातीच्या उंबऱ्याशी चपला काढून थांबतं.

अर्धवट सांगण्याचं फळ कोण भोगतं तेही बघा. माझ्या आतेभावाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. तपासणीत ती वाहक निघाली होती, मुलाकडच्यांनी चिठ्ठी पाहिली आणि पाठ फिरवली. मुलाचं रक्त तपासलं का? नाही. तो वाहक नसता तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार झाला नसता. मणी आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, पण चिठ्ठी फक्त पोरीच्या गळ्यात. म्हणून काहीजण म्हणतात, सांगूच नका, लोक दुरुपयोग करतात. मी म्हणतो, दुरुपयोग अर्ध्या गोष्टीचा होतो. उरलेली अर्धी सांगा.

हेच एकदा अमेरिकेतही घडलंय. 1949 साली लायनस पॉलिंगनं सिकल हा रेणूचा आजार आहे हे दाखवलं आणि वैद्यकाचं नवं दालन उघडलं. त्याच पॉलिंगनं 1968 साली लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. नोबेलवाला माणूस, हेतूही वाईट नसेल. पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला खराटा होता, त्यांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ समजावून सांगायला नको.

1971 पासून ब्लॅक पँथर्सनी दुसरी रीत दाखवली. फुकट दवाखाने काढले, साधी तपासणी स्वतः शिकले, आपल्या माणसांची आपण तपासणी केली, आणि सरकारनं या आजाराकडे पाठ का फिरवली तेही त्याच दमात सांगितलं. 1972 साली तिथं सिकलसाठी कायदा झाला. पण बऱ्याच राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि धडधाकट वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विमे महागले. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होतं. विज्ञान तेच, पण सांगणारा बदलला.

1972 सालीच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांच्याकडून नाव आणलं. दवाखाना तिकडंच राहिला.

आता म्हणाल, सगळं संशोधन खुलं आहे, कुणीही वाचावं. होय ना! 1923 साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. पाणी प्यायला मात्र 20 मार्च 1927 उजाडावं लागलं. खुलं असणं आणि ओठापर्यंत येणं यांत अंतर असतं.

औषधांचंही तसंच. 2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या पहिल्या उपचाराला परवानगी मिळाली, आणि ती या सिकलवर. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. त्याच वर्षी 1 जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. तपासणी हवीच, मी तिच्या विरोधात नाही. पण हायड्रॉक्सीयुरियासारखं जुनं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली नीट घेतलं तर पुष्कळांच्या कळा कमी होतात, हे किती घरांत माहीत आहे?

'लोकांना कळत नाही' हे मला सांगू नका. आमच्या विहारात मी दोन पिशव्या ठेवल्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन चिंचोके, एक तसाच तांबडा, एक साल काढलेला पांढरा. एकेक काढायचा. दोन्ही पांढरे निघाले तर लेकरू आजारी. चारांत एकदा. मग चिंचोके परत पिशवीत टाकायचे आणि दुसऱ्या लेकरासाठी पुन्हा काढायचे. 'म्हणजे पयलं आजारी निंगालं म्हणून बाकीचे तीन सुटले असं नाही,' एक म्हातारी म्हणाली. डॉक्टरांकडून परतलेल्या शिकलेल्या जोडप्यांनाही हे उमगलेलं नसतं. तिनं पुढं विचारलं, 'मंग हे आमच्याच रक्तात काहून हो बाप्पा?' मी हिवतापापासून सुरुवात केली आणि 1916 पर्यंत आलो. रात्रीचे अकरा वाजले. कुणी उठलं नाही.

दीक्षाभूमीवर दरसाल पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात, तिथं एका टेबलावर या दोन पिशव्या ठेवता येतील. जलसेवाल्यांनाही सांगणार आहे, एक गाणं यावर बांधा. वाचकांनी सिकलबद्दलचे आपले प्रश्न, कितीही साधे असोत, चिठ्ठीवर लिहून विहारात द्यावेत. डॉक्टरांकडून उत्तरं घेऊन पुढच्या अंकात छापू. नाव लिहायची गरज नाही.