रतामाच्या झुडपाखाली



हवामान बदलाचा धडा आता शाळेत नवा राहिलेला नाही. मुले वायूंची नावे पाठ करतात, उत्तरे लिहितात, गुण मिळवतात. परंतु धडा संपल्यावर मनात जे उरते, त्याला प्रश्नपत्रिकेत जागा नसते. आपल्या वसईच्या मुलांनी तर हा धडा डोळ्यांनी पाहिला आहे. जुलै २०१८ चा पूर आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागा त्यांना आठवतात. "बाई, मग शिकून काय उपयोग?" असे एखाद्याने वर्गात विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये.

भारतासह १० देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भविष्य भयावह वाटते, असे त्यांतील ७५ टक्के तरुणांनी सांगितले. आपण अशा मुलांना दोन प्रकारची उत्तरे देतो. कुणी म्हणते, "काळजी करू नका, देव पाहून घेईल." कुणी म्हणते, "आता सारे संपलेच आहे."

संत थॉमस अक्विनस यांची शिकवण येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते भय, दुःख, राग या भावना मुळात पाप नव्हेत. त्या विवेकाच्या मार्गाने जातात की नाही, हे महत्त्वाचे. आशेविषयी ते सांगतात, की ती भविष्यातील, कठीण, परंतु साध्य अशा चांगल्या गोष्टीची असते. पहिले उत्तर 'कठीण' हा शब्द पुसून टाकते, दुसरे 'साध्य' हा शब्द. दोन्हींमुळे आशा मरते. २०२४ या वर्षाचे जागतिक सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. हे कठीण आहे. पण पुढची प्रत्येक अंशभर वाढ टाळण्याने फरक पडतो, असेही शास्त्रज्ञ सांगतात; हे साध्य आहे. मुलांना दोन्ही सत्ये एकत्र सांगायला हवीत.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). देव त्याला रागावत नाही. प्रथम त्याला झोप, भाजलेली भाकर आणि पाणी मिळते. नंतर होरेब डोंगरावर देव त्याला विचारतो, त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकून घेतो. मग त्याला काम देतो, अलीशासारखा सोबती देतो आणि तो एकटा नाही, विश्वासू असे सात हजार अजून आहेत, हे सांगतो. शिक्षकांनो, पालकांनो, हा क्रम लक्षात ठेवा: आधी माया, मग ऐकणे, मग काम आणि सोबत. आपण बहुधा थेट कामापासून सुरुवात करतो. मुलांच्या हाती रोपटे देतो, घोषवाक्य देतो, पण त्यांचे ऐकून घेत नाही.

ऐकायचे म्हटले की त्यांचा रागही ऐकावा लागेल. "आपल्या वाडीतले बावखल कुणी बुजवले?" असे मुलीने विचारले, तर तिला खरे उत्तर द्या. पावसाचे पाणी साठवून विहिरी जिवंत ठेवणारी बावखले कशी गेली, हे आजी-आजोबांना ठाऊक आहे. ते सांगताना मान खाली गेली तरी चालेल. त्यानंतर उरलेल्या एखाद्या बावखलातला गाळ मुलांबरोबर उपसायला उतरा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाऊदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. घराची चिंता लेकरांवर सोडून वडीलधारे झोपत नसतात.

या आठवड्यात जेवताना आपल्या मुलांना एवढेच विचारा: "तुला कशाची भीती वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. प्रभू आपल्याला ऐकणारे कान आणि राबणारे हात देवो. आमेन.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू