मागचा शहाणा

आपल्या म्हणी ज्यांनी केल्या ते सगळे पायी चालणारे लोक असावेत, अशी माझी आता खात्री झाली आहे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' हीच म्हण घ्या. पायवाटेवर ती सोळा आणे खरी. पुढचा ठेचकाळला, 'आई गं!' म्हणाला, की मागचा तो दगड चुकवून ऐटीत पुढे. पण हीच म्हण जरा स्कूटरवर बसवून बघा. पुढच्याला ठेच लागल्यावर मागच्याला शहाणे व्हायला सवडच मिळत नाही. पुष्कळदा तो पुढच्याच्या आधी जमिनीवर पोहोचलेला असतो.

हा विचार मला एका दुकानात सुचला. आमच्या चिरंजीवांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर मोटारसायकल घेतली. या वयात माणसे भगवद्गीता घेतात, साखर तपासून घेतात. याने मोटारसायकल घेतली. नुसती गाडी घेऊन भागत नाही, तिच्याबरोबर पोशाखही लागतो, असे कळले. "बाबा, तुम्ही चला. तुम्हाला कापडातलं कळतं," असे म्हणून त्याने मला बरोबर नेले.

मला कापडातले कळते ते एवढेच: लक्ष्मी रोडवरच्या दुकानात ताग्याचे टोक चिमटीत धरून चोळायचे, तोंड वाकडे करायचे आणि "धुतल्यावर आटणार नाही ना?" असे विचारायचे. मी तोच प्रयोग इथे केला. दाढी राखलेला विक्रेता मोठ्या आदराने म्हणाला, "काका, हे आटत नाही. पडल्यावर फाटतही नाही."

पडल्यावर! आजवर ज्या ज्या कापडवाल्यांशी माझा संबंध आला, ते सगळे शुभ बोलणारे होते. "लग्नात उठून दिसेल," "दिवाळीला छान वाटेल," अशी त्यांची भाषा. या पोराचे प्रत्येक वाक्य 'पडल्यावर'ने सुरू होत होते. पडल्यावर माणूस आधी हात टेकतो, म्हणून तळव्याला जाड चामडे असलेले हे हातमोजे. पडल्यावर गाडी पायावर येते, म्हणून घोटा झाकणारे हे बूट. पडल्यावर खांदा, कोपर आणि पाठ आपटते, म्हणून जर्किनमध्ये त्या त्या जागी या गाद्या. मी मनात म्हटले, शुभ बोल रे नाऱ्या!

पण मुलगा जाणकार होता. त्याने मला समजावले ते असे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला दोन शत्रू असतात: एक आपटणे आणि दुसरा घासणे. आपटण्यासाठी गाद्या आणि घासण्यासाठी कापड. डांबरी रस्ता म्हणजे उताणी पडलेली किसणीच. तीवरून साधी सुती पँट घसरत गेली तर आधी कापड किसले जाते, मग आतला माणूस. म्हणून युरोपात या कपड्यांच्या प्रती ठरवल्या आहेत: ए, डबल ए आणि ट्रिपल ए. मला हे ऐकून हायसे वाटले, कारण आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला डबल ए सेल लागतो आणि टीव्हीच्या रिमोटला ट्रिपल ए. "म्हणजे ट्रिपल ए सगळ्यात बारीक," मी जाणतेपणाने म्हणालो. "नाही काका, सेलमध्ये बारीक. जर्किनमध्ये तेच सगळ्यात दणकट." विश्वाची रचना कोणी एकहाती केलेली नाही, हे पुन्हा एकदा पटले.

मात्र दणकट ते भारी आणि भारी ते गरम, असा हिशेब आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये ट्रिपल ए घालून सिग्नलला उभा राहिलेला माणूस अपघाताने जाणार नाही हे खरे, पण उकडून जाईल. मग तो ते जर्किन घरी खुंटीला टांगणार आणि सदऱ्यावर बाहेर पडणार. म्हणून जाळीचे, वारा खेळणारे, जरा कमी प्रतीचे जर्किन पुष्कळदा बरे. जे आपण खरोखर घालू ते चांगले, आणि जे सगळ्यात चांगले आहे ते खुंटीचे रक्षण करते. मला वाटते, नीतीच्या बाबतीतही पुष्कळांचे असेच होते. ट्रिपल ए प्रतीची तत्त्वे खुंटीला आणि आपण सदऱ्यावर.

शेवटी हेल्मेट आले. त्याचे अंतरंग पाहून मी थक्क झालो. वरचे कवच कडक, पण खरे काम करतो तो आतला थर्माकोल! गणपतीच्या मखरासाठी आपण वर्षानुवर्षे जो कोरत आलो त्याचाच हा घट्ट दाबलेला भाऊ. डोके आपटले की हा चिरडतो आणि चिरडता चिरडता धक्का स्वतः पितो. एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धडधाकट दिसले तरी टाकून द्यायचे. दुसऱ्यासाठी एकदाच आणि संपूर्ण खपून जायचे, हा गुण माणसात दुर्मिळ आहे. तो थर्माकोलमध्ये निघावा!

बिल बावीस हजारांवर गेले. चिरंजीव नखशिखान्त चिलखतात उभे होते. पानिपतावर आपल्याकडे असे दोन-चार हजार असते तर, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. तेवढ्यात काउंटरवर हेल्मेट एकच आहे हे माझ्या लक्षात आले.

"मागे कोण बसणार?" मी विचारले.

"मागे? कधीमधी आई बसेल. मंडईपर्यंत. तिला माळ्यावरचं जुनं आहे की!"

आणि माझ्या पोटात कुठेतरी खड्डा पडला. तो का पडला ते सांगण्याआधी डोक्याच्या मालकीचा जुना तंटा सांगायला हवा.

आमच्या शहरात हेल्मेट हा घालायचा नसून वादाचा विषय आहे. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात सक्तीचा बडगा उगारला गेला, तेव्हा विरोधात मोर्चा निघाला आणि काही मंडळी चक्क पगड्या घालून त्यात सामील झाली. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आयएसआयचा शिक्का मात्र अजून मिळायचा आहे. आमच्या शेजारचे अण्णा या चळवळीचे खंदे पुरस्कर्ते. त्यांचे म्हणणे एकच: "डोकं माझं आहे. ते मी फोडीन नाहीतर पूजेला लावीन. सरकारचं काय जातं?"

हसू नका. हा प्रश्न मोठमोठ्यांनी विचारला आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर पुस्तक लिहून सांगितले की, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडवायचे ते फक्त दुसऱ्याला इजा होत असेल तर. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे. मिलला मोटारसायकल ठाऊक नव्हती, पण अण्णा ठाऊक असावेत. आणि आगरकरांच्या गावाला मिल काही परका नाही.

दुसऱ्या बाजूला डॉक्टर आहेत. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये एक मोटारसायकलस्वार दोन सायकलवाल्या मुलांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. हा माणूस म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. वाळवंटातल्या लढाया पचवून आलेला वीर खेड्यातल्या एका रस्त्यावर गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी मग मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो छापला. त्यांच्या पाहण्यात हेल्मेट घातलेले जखमी अवघे सात आले, आणि सातही वाचले होते. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

आता गंमत पाहा. १९७३ साली इंग्लंडात हा नियम सगळ्यांनाच लागू झाला, तेव्हा फ्रेड हिल नावाच्या म्हाताऱ्याने शड्डू ठोकला. महायुद्धात त्याने स्वतः मोटारसायकलवरून निरोप पोहोचवलेले. तो हेल्मेट घालीना, दंड भरीना, आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात जाई. १९८४ साली सत्तरी ओलांडलेला हा माणूस तुरुंगातच हृदयविकाराने गेला. डोक्याला शेवटपर्यंत धक्का लागला नाही. त्याला वेडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्वतःच्या हक्कासाठी स्वतःचे मोल देणारा माणूस होता तो. तो स्वतःचे डोके पणाला लावत होता, दुसऱ्याचे नव्हे.

आणि इथेच माझा खड्डा येतो.

१९९२ सालची गोष्ट. माझ्याकडे स्कूटर होती आणि हेल्मेटही होते. आमच्या बँकेत त्या वेळी हेल्मेट घालणारा मी एकटा, पण त्यात शहाणपण काडीचे नव्हते. मला सर्दीचा त्रास. कानाला वारा लागला की दोन दिवस शिंका. लोक कानटोपी घालत, मी हेल्मेट घालायचो, एवढाच फरक. डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही दोघे एका लग्नाच्या स्वागत समारंभाला निघालो होतो. सौ. मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेली. नवी साडी, मोगऱ्याचा गजरा, मांडीवर भेटवस्तूचे खोके. रस्त्यावर वाळू सांडलेली होती. मी ब्रेक दाबला, मागचे चाक सरकले. वेग म्हणाल तर पंचवीससुद्धा नसेल.

माझे डोके दुभाजकाच्या कडेवर आपटले आणि हेल्मेटवर चरा उमटला. तिचे डोके डांबरावर आपटले. भुवईच्या वर सात टाके पडले, आणि दोन दिवस ती मला ओळखत होती पण वार विसरत होती. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. ती सावरली. पण भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्याकडे वळून म्हणायचा, "नशीब, तुम्ही हेल्मेट घातलं होतंत! याला म्हणतात दूरदृष्टी." आणि ती पलंगावर बँडेज बांधून हे ऐकत असायची.

तिने मला कधी एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर काय सांगितले असते? 'मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम तेव्हाही होते,' हे सांगितले असते? १९८८ च्या त्या कायद्यात चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांच्याही डोक्याची सोय सांगितली आहे. १९८९ च्या नियमांत तर मागे बसणारीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवा, असेही लिहिले आहे. जाळी माझ्या स्कूटरला होती. म्हणजे साडीची काळजी मी घेतली होती आणि माझ्या सर्दीची घेतली होती. यांच्या मधला एक माणूस तेवढा राहून गेला होता.

अण्णांचा प्रश्न मला तेव्हापासून वेगळा दिसतो. डोके कोणाचे, हा वाद घाला खुशाल. पण स्कूटरवर डोकी दोन असतात. हँडल एकाच्या हातात, ब्रेक एकाच्या पायाखाली, आणि मागचा माणूस आपला जीव पुढच्याच्या पाठीवर सोपवून गजरा सावरत बसलेला असतो. रस्त्यावरची वाळू त्याला दिसतसुद्धा नाही; त्याला दिसते ती आपली पाठ. अशा वेळी चांगले हेल्मेट स्वतः घालणे आणि त्याला माळ्यावरचे देणे, याला मिलच्या पुस्तकातही स्वातंत्र्य म्हटलेले नाही. त्याला साधे मराठी नाव आहे: आपमतलब.

अण्णांचे डोकेही सर्वस्वी अण्णांचे नाही, असे माझे आपले मत. ते फुटले तर अण्णा दवाखान्यात झोपतील, पण खुर्चीवर रात्र काढायची ती काकूंनी. मात्र हे त्यांना पोलिसाने सांगण्यापेक्षा काकूंनी सांगितलेले बरे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातला दंड हजार रुपये झाला. काकूंचा दंड त्याहून जबर आहे.

तर त्या दिवशी दुकानात मी म्हणालो, "आणखी एक हेल्मेट दाखवा. याच प्रतीचं."

"बाबा, मंडई तर दोन किलोमीटर आहे!"

"वाळू अंतर विचारून पडत नाही."

पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. वाळूची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. त्या वेळी तो जेमतेम पाच-सहा वर्षांचा, आजीपाशी झोपलेला.

दुसऱ्या दिवशी सौ.ला घेऊन आम्ही पुन्हा गेलो, कारण हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्याच्या मापाने घेता येत नाही. पट्टा हनुवटीखाली घट्ट बसला पाहिजे, हलवले तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, आणि मागून ढकलले तर ते पुढे निसटता कामा नये. हे सगळे जमले. अंबाडा तेवढा आड आला. अंबाड्यावर हेल्मेट असे काही बसले की ते तिला नाकापर्यंत येईना. विक्रेत्याने जन्मात प्रथमच 'पडल्यावर' सोडून दुसरा शब्द उच्चारला: "काकू, वेणी घालाल का?" पासष्टीनंतर वेणी! ती हसली. तिथल्या तिथे तिने अंबाडा सोडला आणि वेणी घातली. हेल्मेट घालताना तिने उजवी भुवई जरा जपली, नेहमीसारखी. मी दुसरीकडे पाहिले.

"अहो," ती आतून म्हणाली, "आता सर्दी नाही व्हायची मला."

तीसच्या वर वर्षांत त्या विषयावर ती बोललेले हे पहिले वाक्य.

आता माझी जुनी स्कूटरही अधूनमधून मंडईपर्यंत जाते. दोघांच्या डोक्यावर एकाच प्रतीची हेल्मेटे असतात. मी जरा जोरात ब्रेक दाबला की तिचे हेल्मेट माझ्यावर येऊन 'टक्' वाजते. मी त्याचा अर्थ बरोबर ओळखतो आणि वेग कमी करतो.