घरात दोन स्वयंपाक नकोत

पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुणाच्या रक्तात साखर निघाली की आपल्या घरांत पहिल्यांदा वाटणी होते. त्या माणसाचा चहा वेगळा, भात बंद, गोड बंद. कपाटात बिनसाखरेच्या बिस्किटांचा वेगळा पुडा. बाकीचं घर कालच्यासारखंच जेवत राहतं. एक जण आजारी आणि उरलेले धडधाकट, असं त्या दिवसापासून ठरून जातं. ही वाटणी शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे ज्यांना झाला त्यांच्यापेक्षा ज्यांना होऊ घातलाय ते जास्त. ते कुठे असणार? त्याच घरात, त्याच पंगतीला. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या टप्प्यात असली, तर माणसाला काहीच जाणवत नाही. बहुतेकदा ना तहान वाढते, ना थकवा येतो. भावाला साखर निघाली तेव्हा बहिणीची तपासणी किती घरांत होते? मुलगा तिशीचा झाला म्हणून कोण त्याला प्रयोगशाळेत नेतं?

‘आमच्याकडे कुणी जाड नाही’ हा दिलासाही खोटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचं आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आतून मेद बाळगतो. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू उतरतात, पोटाचा घेर वाढतो. बाईच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं आणि मेद नितंब-मांड्यांवरून पोटाकडे सरकतो. पूर्वी पचत होतं तेच ताट आता शरीराला पेलत नाही.

आणि सगळ्यांत मोठा अन्याय इथेच होतो. साखर नवऱ्याला निघाली तर बायको निमूटपणे दुसरा स्वयंपाक रांधते. तीच साखर तिला निघाली तर तिच्यासाठी दुसरा स्वयंपाक होतच नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवते. पातेल्याच्या तळाला राहिलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो तिच्या पानात, नातवाने टाकलेला शिरा तिच्या तोंडात. वर सोमवार, चतुर्थी, एकादशी. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी, म्हणजे पिष्टावर पिष्ट. पुण्य तिने घरासाठी मिळवायचं आणि साखर तिच्या रक्तात चढायची. ज्या घरात असा उपास चालतो तिथल्या कर्त्या माणसांनी तिला एकदा तरी विचारावं की तू आज काय खाल्लंस.

म्हणून म्हणते, घराचं ताट एकच असावं आणि तेच बदलावं. सकाळी पोहे, चारला चहा-खारी, दोन्ही वेळा पोळी आणि वर भात, सोबत पाणीदार वरण आणि चमचाभर भाजी, असं आपलं नेहमीचं जेवण. यात डाळ-उसळ आणि भाजी वाढली पाहिजे, पोळी-भात उतरला पाहिजे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात, २००६ साली, उंबरठ्यावरच्या लोकांनी नुसता आहार आणि चालणं सुधारलं तेव्हा मधुमेहाकडे जाण्याचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटला.

यासाठी परदेशी पिठं मागवायची गरज नाही. हरभरा आपल्या रब्बीचं पीक आहे. शंभर ग्रॅम बेसनात साधारण वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हाच्या पिठाच्या जवळजवळ दुप्पट. तंतूही बऱ्यापैकी असतो. पण या धान्याचं आपण केलं काय? तळून भजी केली आणि साखर घालून लाडू वळले. पिठलं, धिरडी, विदर्भातल्या पाटवड्या मात्र घाईच्या किंवा गरिबीच्या दिवसांपुरत्या ठेवल्या. बेसन औषध नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. त्यात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात, आणि अख्ख्या उकडलेल्या हरभऱ्याइतक्या हळू ते साखर चढवत नाही. नानकटाईतही बेसन असतं. तेवढ्याने तिच्यातली साखर आणि वनस्पती तूप पोटात जायचं थांबत नाही.

बेसनाची भाजलेली जाड वडी मात्र रोजच्या न्याहारीला खुशाल करावी. चणाडाळ चक्कीवर दळून आणावी, विकतच्या पिठात पुष्कळदा वाटाणा मिसळलेला असतो. दीड वाटी बेसन, अर्धी वाटी दही आणि धिरड्यापेक्षा किंचित घट्ट होईल इतकं पाणी. गुठळ्या मोडून अर्धा तास झाकून ठेवावं. मग किसून पिळलेला दुधी, मूठभर चिरलेली मेथी, हातावर चोळलेला ओवा, हळद, मिरची, मीठ, दोन चमचे तेल, आणि अगदी शेवटी पाव चमचा सोडा. तेल लावलेल्या पसरट डब्यात बोटाच्या पेराएवढा थर, वर तीळ, आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास. कच्च्या बेसनाचा उग्र वास जाऊन खमंग वास यायला लागतो, कडा तांबूस होऊन डब्यापासून सुटतात, सुरी खुपसली तर कोरडी निघते. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर, एकदा उलटून. निवाल्यावर कापावी, गरम असताना मोडते. गव्हातला चिकटपणा या पिठात नाही, त्यामुळे ती पावासारखी फुगणार नाही. फुगावी म्हणून मैदा मिसळू नये. इटलीत जिनोव्हाला आणि फ्रान्समध्ये नीसला हरभऱ्याच्या पिठाची पातळ भाकरी अशीच भट्टीत भाजून पिढ्यान्‌पिढ्या खातात, तीही फुगत नाही. दोन तुकडे, वाटीभर काकडीची कोशिंबीर, ताक. सगळ्यांच्या पानात हेच, मुलांच्याही. ते खाऊन घरातल्या सगळ्यांनी पंधरा मिनिटं पाय मोकळे करून यावं.

घराबाहेरचा प्रश्न आग्रहाचा आहे. ‘एका लाडवाने काय होतंय’ म्हणत ताटात वाढणारा माणूस प्रेमाने वाढतो, हे मला मान्य आहे. पण ज्याने ‘नको’ म्हटलं त्याच्या पानात वाढणं थांबलंच पाहिजे, तो व्याही असो की जावई. लग्नाच्या पंगतीत दोन गोडांच्या जागी एक गोड आणि एक उसळ ठेवली तर कुणाची प्रतिष्ठा जात नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्या आज्या भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी भरत आणि कैरी घातलेली वाटली डाळ देत. ती पद्धत कुठून आणायला नको, ती आपलीच आहे. तिथे पेढे आणि वेफरची पाकिटं आपण नंतर आणली.

एक इशारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात एकदम कमी करू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगून औषधांचं प्रमाण आधी ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी-बेसन किती खायचं हेही त्यांनाच विचारा.

आता हे पीठ कालवायचं कुणी? ज्या बाईला साखर निघाली आहे तिच्यावरच ही नवी पाककृती टाकून घर मोकळं होणार असेल, तर काहीच बदललं नाही. वर लिहिलेल्या कृतीत पोळी लाटण्याचं कसब लागत नाही, वाटी आणि चमचा ओळखता आला की पुरे. रात्री दुधी किसून ठेवण्याचं काम नवऱ्याचं, सकाळी डबा ओव्हनमध्ये सरकवण्याचं मुलाचं, आणि ती चालून परत येईल तेव्हा पहिलं ताट तिच्यापुढे.