विरजण आणि बोनोबो

लऊळचं प्रकरण तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेलच. डिसेंबर २०२१. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातलं हे गाव. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड घेतला, कुत्र्यांची पिल्लं उचलून गच्चीवर, झाडावर नेली आणि वरून टाकली, अशी ती बातमी होती. मेलेल्या पिल्लांचा आकडा कुठे ८० होता, कुठे २५०. मग मीम्स आले, 'गँगवॉर' आलं, परदेशी चॅनेलवाले आले. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली आणि सगळे दुसऱ्या बातमीकडे वळले.

मी तेव्हा लातूरला घरीच होतो, वर्क फ्रॉम होम. त्याच आठवड्यात ताई अचानक माहेरी आली. तिचं सासर नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. डाव्या मनगटावर निळं पडलेलं होतं. आईनं विचारलं तर म्हणाली, दारात हात सापडला. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं.

संध्याकाळी मामा आले. बैठक बसली. बैठक म्हणजे मी, बाबा, मामा आणि मधोमध चहा. मामांच्या हातात फोन होता, फोनमध्ये लऊळ. म्हणाले, "बघा, जनावरबी राग सोडत नाही, माणसाचं काय घेऊन बसलाव. नर म्हणल्यावर डोकं गरम असायचंच. समजूत घालू, देऊ पाठवून."

इथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी तेव्हा उत्क्रांतीवर दोन-तीन पुस्तकं वाचली होती आणि वाचलेलं बोलायची खाज होती. मी म्हणालो, "खरंय मामा. चिंपांझींमध्येही नर माद्यांना मारतात. आपल्या सगळ्यात जवळचे नातेवाईक ते. हे फार आतून आलेलं असतं." बाबांनी मान हलवली. इंजिनिअर पोरगा बोलतोय म्हटल्यावर मुद्द्याला वजन आलं. ताई आत कांदा चिरत होती आणि आमच्या घरात आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सगळं ऐकू येतं. चौथ्या दिवशी ती परत गेली.

त्या वाक्यात माहिती म्हणून काही चूक नव्हतं. चूक कुठे होती ते शोधायला मला दोन वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात वानरांपासूनच झाली.

आपल्याकडचं वानर, म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, हरभऱ्याला घाटे लागले की बरोबर हजर होणारं. त्याच्या टोळीत पिल्लू जन्मलं की ते पहिल्या दिवसापासून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरतं. मावशी घेते, आजी घेते, अजून आई न झालेली पोर तर ओढूनच नेते. वानराचं पिल्लू पोटाच्या केसांना घट्ट धरून लटकतं. कुत्र्याच्या पिल्लाला ते जमत नाही. उचलून उंचावर नेलं तर ते निसटून पडणार, किंवा दुधावाचून तिथंच मरणार. लऊळच्या गच्चीवर मेलेली पिल्लं सापडायला एवढंही पुरतं. 'सूड' हा शब्द खालून बघणाऱ्यांनी घातला, कारण तो आपल्याला येतो.

याचा अर्थ वानर साधं भोळं आहे असाही नाही. फिलिस जे या अमेरिकन अभ्यासक १९५०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आणि मध्य भारतात वानरांमागे फिरल्या आणि त्यांना शांत, निवांत टोळ्या दिसल्या. पुढे थोड्याच वर्षांनी युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडजवळच्या रानात बसले होते. त्यांनी पाहिलं की बाहेरून आलेला नर टोळीतल्या जुन्या नराला हाकलतो आणि नंतर टोळीतली अंगावरची पिल्लं मारली जातात. यावर पुढे मोठा वाद झाला. काही म्हणाले, गर्दीमुळे बिघडलेलं वागणं आहे हे. सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर वर्षानुवर्षं नोंदी घेऊन १९७७च्या पुस्तकात वेगळं मांडलं: दूध पाजणारी मादी पिल्लू गेलं की लवकर पुन्हा माजावर येते, म्हणजे नव्या नराचा त्यात फायदा असतो. याच नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे वाचताना माझं आधी लक्षच गेलं नव्हतं. पिल्लाला वाचवायला त्या नराच्या अंगावर धावून जाण्यात पुढे असायच्या त्या टोळीतल्या वयस्क माद्या. बहुतेक वेळा त्या हरायच्या, तरी पुन्हा जायच्या.

वानरांच्या माद्या जन्मभर माहेरी राहतात. आई, मावशी, बहिणी सगळ्या सोबत, तरी पिल्लं मारली जातात. मला वाटायचं, माहेर जवळ असलं की बाई सुरक्षित. आमच्या बैठकीनंतर खरं तर तसं वाटायला नको होतं.

आता बोनोबो. चिंपांझीसारखाच दिसणारा, जरा सडपातळ, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. जगात फक्त काँगो नदीच्या दक्षिणेला, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात राहतो. चिंपांझी नदीच्या पलीकडे. दोघांनाही पोहता येत नाही, त्यामुळे दहा-वीस लाख वर्षांपूर्वी एकाच रेपोचे दोन फोर्क झाले आणि पुन्हा मर्ज झालेच नाहीत म्हणा ना. डीएनए मोजला तर दोघंही आपल्याशी सुमारे ९८.७ टक्के जुळतात. म्हणजे बैठकीत मी जेव्हा 'सगळ्यात जवळचे नातेवाईक' म्हणालो, तेव्हा दोन नातेवाइकांपैकी मला सोयीचा होता तो एक मी पुढे केला होता.

बोनोबोंची मादी वयात येताना जन्मगाव सोडते आणि अनोळखी टोळीत जाते. नर मात्र आईपाशीच राहतो आणि त्याचं टोळीतलं वजन आईच्या वजनावर ठरतं. आई टोळीत असलेल्या नरांना पोरं होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडच्या लाडक्या लेकांना हे वाचून फार परकं वाटायचं नाही. तर अशा या सासरी, जिथं तिच्या रक्ताचं कुणी नाही, ती नवी मादी आधी काय करते? जुन्या माद्यांपैकी एखादीशी जवळीक करते. तिच्याजवळ बसते, केस साफ करते, आणि दोघी एकमेकींशी समागमही करतात. त्यानंतर माद्यांच्या लघवीत ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढलेलं आढळलं आहे. खाणं वाटून घेतात. आणि एखादा नर अंगावर आला की ओरड होते आणि आसपासच्या माद्या मिळून त्याच्यावर तुटून पडतात. एकेकटी मादी नरापेक्षा लहानच असते.

सहा टोळ्यांच्या सुमारे ३० वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नर-मादी भांडणांपैकी सुमारे ६१ टक्के माद्यांनी जिंकली होती, आणि माद्यांनी मिळून केलेल्या हल्ल्यांपैकी ८५ टक्के नरांवर होते. पण सगळ्या टोळ्यांत हे प्रमाण सारखं नव्हतं, फार वेगळं होतं. जिथं माद्यांची एकजूट जास्त, तिथं त्यांचं चालतंही जास्त. मला या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, कारण 'बोनोबोंचं रक्तच गोड' म्हणून सोडून देण्याची सोय त्यानं राहत नाही.

शिवाय बोनोबो गांधीवादी नाहीत. कोकोलोपोरीचे बोनोबो आणि गोम्बेचे चिंपांझी यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा नरांची आपापसातली भांडणं बोनोबोंमध्ये जवळपास तिप्पट निघाली. मात्र चिंपांझींच्या मानानं मादीवर हात टाकणं कमी. आणि पिल्लू मारल्याची पक्की नोंद रानातल्या बोनोबोंमध्ये आजवर नाही. राग तोच, कदाचित जास्तच. फक्त एका दिशेला तो जात नाही, कारण तिकडे गेला तर काय होईल हे त्यांना अनुभवानं माहीत असतं.

इथं माझ्यातला वाद घालणारा प्राणी जागा होतो. माकडांवरून मामांनी काढलेला निष्कर्ष मी नाकारतोय, मग बोनोबोंवरून मी कोणत्या तोंडानं काढू? जे आहे त्यावरून जे असावं ते ठरत नाही, हे ह्यूम अठराव्या शतकात सांगून गेला. कबूल. पण मामा 'असं असावं' म्हणतच नव्हते. ते म्हणत होते, 'असंच असतं.' हा वेगळा दावा आहे आणि त्याला पाडायला एक उलटं उदाहरण पुरतं. एक टेस्ट केस फेल झाली की 'कधीच फेल होत नाही' असं लिहिता येत नाही. कसं वागावं हे बोनोबो मला सांगत नाही. तो फक्त माझी एक सबब काढून घेतो.

काँगोत वांबा नावाचं ठिकाण आहे. ताकायोशी कानो यांनी १९७०च्या दशकात तिथं बोनोबोंचा अभ्यास सुरू केला, त्यांना ऊस खायला टाकून. (हे वाचून लातूरकर म्हणून फार बरं वाटलं.) तिथल्या लोकांत बोनोबो मारायचा नाही, तो नात्यातला आहे अशी जुनी रीत होती, म्हणून तो माणसांच्या इतक्या जवळ टिकला. मग युद्ध आलं, अभ्यासक निघून गेले, बंदुका आल्या, रीत सैल झाली आणि बोनोबो कमी झाले. आमच्या शेजारच्या, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन वानरांच्या नावावर आहे, हे २०२२ मध्ये बातम्यांत आलं. गावच्या कागदावर तशी नोंद आहे. कुणी केली, कधी केली, गावात कुणाला ठाऊक नाही. लऊळ आणि उपळा, प्राणी तोच, मराठवाडा तोच. एका गावात तो गुंड झाला आणि दुसऱ्यात खातेदार. रीत कुणीतरी पाडलेली असते आणि कुणीतरी ती पाळत राहावी लागते.

ताईचं पुढे काय झालं हे तिनं मला फार उशिरा, २०२४च्या दिवाळीत सांगितलं. ती परत गेल्यावर साधारण महिन्यानं एका रात्री पुन्हा आवाज वाढला. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू, हातात वाटी. "विरजण हाय का गं?" रात्रीचे साडेदहा. काकू आत येऊन बसल्या, विरजण घेऊनही उठेनात. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. पुढच्या वेळी काकू आल्या आणि मागोमाग समोरच्या वहिनी, साखर मागत. मग एकदा तिघी. त्या गल्लीतल्या सगळ्या लग्न होऊन आलेल्या, कुणी हिंगोलीची, कुणी उदगीरची, एकमेकींच्या रक्ताच्या कुणीच नाहीत. भाऊजींचा स्वभाव बदलला का, हे मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "स्वभावाचं मला माहीत नाही. हात उचलत नाहीत आता."

मी तिला बोनोबोंचं सगळं सांगितलं, माहितीसकट, टक्क्यांसकट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्यांचे भाऊ कुठं असतात?"

मी म्हणालो, जुन्याच टोळीत राहतात, आईपाशी.

"हं," म्हणाली.

बैठकीतल्या त्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तिला ते वाक्य आठवतसुद्धा नाही. मला ते खरं वाटत नाही. काकूंनी साडेदहा वाजता दार वाजवायचं आणि मी पुण्यात बसून त्यावर निबंध लिहायचा, ही वाटणी काही बरोबर नाही, हेही मला कळतं. आता मी दर आठवड्याला फोन करतो आणि भाऊजींशीही बोलतो. गेल्या वर्षी मुद्दाम चार दिवस जाऊन राहिलो. मामांना एकदा स्पष्ट सांगितलं की त्या दिवशी आपण दोघंही चुकलो. मामा म्हणाले, "तूच तर म्हणला होतास."

गेल्या रविवारी ताईला फोन केला होता. शनिवारी सोयाबीन काढलं, भाव पडलाय, असं काहीबाही चाललं होतं. मध्येच ती थांबली. मागून कुठून तरी, लांबून, भांडं पडल्याचा आणि माणूस ओरडल्याचा आवाज येत होता.

"ठेवते रे," ती म्हणाली. "मागच्या घरात नवीन लग्न झालंय." आणि फोन ठेवता ठेवता आतल्या कुणाला तरी म्हणाली, "ती वाटी कुठंय, स्टीलची?"